इंजिन बदलले, ट्रान्सफर केसचे काय?

'ट्रान्सफर केस' हे दोन शब्द मी वर्गात उच्चारले तेव्हा एका मैत्रिणीची समजूत झाली की, कोणा प्राध्यापकांची गडचिरोलीला बदली झाली असून त्यांनी कोर्टात दावा लावला आहे. विदर्भात 'ट्रान्सफर' म्हटले की डोळ्यांपुढे आधी गडचिरोलीच उभी राहते. तिचा काय दोष! पण मी ज्या केसविषयी लिहिणार आहे ती लोखंडाची आहे. तिच्यात तेल भरावे लागते, आणि तिचा निकाल वकील नव्हे, मिस्त्री लावतो. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लिहू नये असे संपादक मंडळापैकी कोणाला वाटले असल्यास त्यांना एवढेच सांगते की, यातले गणित सातवीच्या गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

आमचे घर हुडकेश्वरला. नागपूरच्या दक्षिण अंगाचे हे गाव २०१३ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तरी मुख्य रस्ता सोडून आत शिरले की काळी माती अजून तीच. माझ्या काकाजींची तिथे रोपवाटिका आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळे भरून संत्र्याची कलमे करायची आणि पावसाळ्यात ती बागायतदारांच्या शेतापर्यंत पोचवायची, हा त्यांचा व्यवसाय. यातली अडचण वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. कलम लावायचे ते जुलै-ऑगस्टात, भर पावसात. आणि नेमक्या त्याच दिवसांत शेताकडे जाणारी पांदण लोण्यासारखी झालेली असते. साधी मालगाडी डांबर सोडून शंभर पावले आत गेली की तिथेच बसते. म्हणून काकाजींकडे एक म्हातारा, चारही चाकांना ताकद पोचणारा छोटा ट्रक आहे. महिंद्राने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे बनवलेला, जीपच्याच कुळातला, सपाट तोंडाचा. याला 'फॉरवर्ड कंट्रोल' म्हणत, कारण चालक इंजिनाच्या मागे न बसता जवळजवळ त्याच्या मांडीला मांडी लावून बसतो.

मूळचे पेट्रोल इंजिन जुन्या मालकाने केव्हाच काढून डिझेल बसवले होते, व तशी नोंदही कागदावर होती. ते डिझेलही गेल्या हिवाळ्यात संपले. काकाजींनी मोडीत निघालेल्या बोलेरोचे इंजिन स्वस्तात मिळवले, आणि घरात आनंद झाला. मिस्त्री मात्र गप्प होते. त्यांनी ट्रकाखाली शिरून जुनी ट्रान्सफर केस हलवून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाले, "भाऊ, इंजिन तं आणलं तुमी, पन खालचं काय? हे गेलं आहे." मृग लागायला तेव्हा तीन महिने होते. पुढच्या वर्षाचे सारे उत्पन्न त्या दोन पावसाळी महिन्यांवर अवलंबून, आणि खिशात एकदाच खरेदी करण्यापुरते पैसे. चुकीची केस आणली तर दुसरी आणता येणार नव्हती. ती केस कशी निवडावी, या प्रश्नाचा आम्ही जो पाठपुरावा केला, त्याचाच हा लेख.

आधी ही वस्तू काय करते ते पाहू. साध्या ट्रकात इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टने, मागच्या ॲक्सलला जाते. चारही चाके चालवायची तर ती ताकद पुढेही न्यावी लागते. गिअरबॉक्सच्या मागे बसून एका वाटेच्या दोन वाटा करणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. तिला बहुधा दोन कामे असतात : पुढचा ॲक्सल जोडणे वा तोडणे, आणि 'हाय' व 'लो' असे दोन वेग देणे. लो मध्ये वेग घटतो, त्याच प्रमाणात चाकाचा जोर वाढतो. जीपच्या जुन्या केसमध्ये हे प्रमाण सुमारे २.४६ आहे, म्हणजे लो मध्ये गाडी अडीचपट सावकाश आणि अडीचपट जोराने चालते.

ही केस दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपबरोबर जगभर पोचली. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्राने या जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या केसचे वंशज पुढे कित्येक दशके आपल्या गाड्यांत टिकले. 'स्पायसर १८' हे तिचे घराण्याचे नाव. गॅरेजात हे नाव कोणी घेत नाही. तिथे ती 'डबल गिअर' किंवा नुसता 'छोटा डबा'.

कबाड्याकडे केस मागायला गेले की तो पहिला प्रश्न विचारतो, "कोनत्या गाडीची पाहिजे?" इंजिन बदललेल्या गाडीला या प्रश्नाचे उत्तर नसते. तिचे इंजिन एका घराचे, चाके दुसऱ्या घराची. माझे मत असे झाले आहे की केस निवडताना केसकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी गाडीची दोन टोके पाहावीत : खाली ॲक्सल आणि वर इंजिन. या दोघांनी मागितलेल्या गोष्टी कागदावर लिहिल्या की बाजारातल्या बहुतेक केस आपोआप गळतात.

ॲक्सलपासून सुरुवात करते. ॲक्सलच्या पोटात जो गोल फुगवटा दिसतो त्यात डिफरेन्शियल असते. त्याचे काम समजायला आपल्याकडचे खळे आठवावे. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा आतला बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि बाहेरच्याला मोठा फेरा घालावा लागतो. दोघांना एकाच वेगाने चालायला भाग पाडले तर एकतर दावे तुटेल नाहीतर बैल पडेल. गाडी वळताना आतले आणि बाहेरचे चाक यांचे हेच नाते असते, आणि डिफरेन्शियल त्यांना वेगवेगळे चालू देते.

तर हा फुगवटा ॲक्सलच्या मध्यावर आहे की एका कुशीला, हे आधी पाहायचे. जीपच्या या घराण्यात पुढचा आणि मागचा, दोन्ही फुगवटे उजव्या कुशीला असतात. याचे कारण जुन्या केसमध्येच आहे. तिच्यात ताकद वरून येते, मधल्या गिअरवरून खाली-बाजूला उतरते आणि उजवीकडच्या एकाच रेषेतल्या दांड्यातून पुढे व मागे जाते. आजच्या बहुतेक साखळीच्या केसची मांडणी निराळी. त्यांत मागचा दांडा गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत, म्हणजे गाडीच्या मध्यातून जातो. फक्त पुढचा दांडा साखळीवरून बाजूला काढलेला असतो. अशी केस आमच्या ट्रकाला लावली असती तर मागचा शाफ्ट मध्यातून निघून उजव्या कुशीला तिरका गेला असता. सपाट तोंडाच्या आखूड ट्रकात आधीच शाफ्टची लांबी कमी. त्यात तिरपेपणा आला की युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस काही महिन्यांत खलास. हा जॉइंट कोनात फिरताना एका फेरीत दोनदा जलद व दोनदा मंद होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले तरच एकाचा दोष दुसरा भरून काढतो. तेव्हा साखळीची केस घ्यायची तर तिच्याबरोबर मध्यावर फुगवटा असलेला मागचा ॲक्सलही घ्यावा लागणार. मग ब्रेक, पाटे, चाकांचे बोल्ट, सगळेच ओघाने आले. २०१० साली आलेल्या थारच्या एका नमुन्यातली बोर्ग वॉर्नर बनावटीची केस काकाजींना कोणी तरी सुचवली होती. वस्तू उत्तम, पण ती सून म्हणून आणली तर माहेरचे सगळे बिऱ्हाड बरोबर येणार होते.

दुसरी गोष्ट ॲक्सलचे प्रमाण. क्राऊन आणि पिनियन यांच्या दात्यांचा हा भागाकार. विलिसच्या सीजे-३बी जीपमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दाते असतात. म्हणजे प्रमाण ५.३८. शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. आमच्या ट्रकाचेही तेवढेच निघाले. हे पाहायला ॲक्सल खोलावा लागत नाही. दोन्ही चाके उचलून, ती एकत्र एक फेरी फिरवायची आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजायच्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची मोजणी अगदी सारखी आली पाहिजे. कबाडातून जुळवलेल्या गाड्यांत एक ॲक्सल एका नमुन्याचा आणि दुसरा दुसऱ्याचा असणे नवे नाही. तसे असेल तर जगातली कोणतीही केस त्या गाडीत जगणार नाही, कारण पुढचे-मागचे दांडे आत एकमेकांना कुलूप घातल्यासारखे जोडलेले असतात.

हे कुलूप थोडे समजावून सांगायला हवे, कारण चारचाकी ताकदीच्या गाड्या चालवणाऱ्यांतही याविषयी अज्ञान फार. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घालतात. दोन चाकांमधला फरक डिफरेन्शियल सोसते. पण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला फरक सोसायला साध्या केसमध्ये कोणी नसते. चिखलात हा फरक चाके थोडी घसरून फेडतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत. मग शाफ्ट पिळासारखे ताणले जातात, स्टिअरिंग जड होते आणि शेवटी केसचा दात उडतो. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरमध्ये केसच्या आतच तिसरे डिफरेन्शियल घालून ही अडचण सोडवली होती व त्यामुळे ती गाडी कायम चारही चाकांवर चालू शके. पांदणीपुरती चार चाके हवी असलेल्या आमच्यासारख्यांना त्या थाटाची गरज नाही. साधी केस बरी. डांबर लागले की कांडी मागे ओढायची.

आता वरचे टोक, म्हणजे इंजिन. इथे लोक अश्वशक्ती विचारतात. केसला अश्वशक्तीशी फारसे कर्तव्य नसते. तिला कळतो तो पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात. जीपचे मूळचे हरिकेन पेट्रोल इंजिन सुमारे १५.८ किलोग्रॅम-मीटर पीळ देई. बोलेरोचे २,५२३ सी.सी.चे टर्बो डिझेल सुमारे १८.३ देते. फरक पाहून काकाजी म्हणाले, "अडीचनं काय होते!" पण केसकडे जाते ती इंजिनाची ताकद नव्हे, ती आधी गिअरबॉक्समध्ये गुणली जाते. जुन्या तीन गिअरच्या बॉक्सचे पहिल्या गिअरचे प्रमाण २.८ होते. १५.८ गुणिले २.८ म्हणजे केसच्या दारात ४४. नवा चार गिअरचा बॉक्स लावला तर त्याचा पहिला गिअर, आम्ही खडूने मोजला तेव्हा, जवळजवळ चारास एक भरला. १८.३ गुणिले ४ म्हणजे ७३. दारातच दीडपटीहून अधिक!

हिशेब पुढे नेऊ. लो चे २.४६ आणि ॲक्सलचे ५.३८ यांनी गुणले तर जुन्या मांडणीत चारही चाकांवर मिळून ५८५ किलोग्रॅम-मीटर येतात आणि नव्या मांडणीत ९६९. घर्षणात काही जाईल, ते सोडून देऊ. प्रश्न असा की एवढ्या जोराचे चाक करते काय? भरलेला ट्रक दोन टनांचा धरा. चाकाची त्रिज्या सुमारे ०.३८ मीटर. ओल्या काळ्या मातीची पकड वजनाच्या पाव हिश्शाएवढी मानली तर १९० किलोग्रॅम-मीटरलाच चाके गरगरू लागतात. त्यापुढचा जोर चिखल उडवण्यात जातो. गिअरला त्याचा त्रास नाही. कोरड्या, टणक मुरमावर पकड वजनाच्या सात दशांश मानली तर चाके घसरायला ५३२ लागतात. म्हणजे मूळच्या जीपमध्ये सर्व काही पणाला लागले तरी जोर संपण्याच्या सुमारास चाके घसरत होती. अभियंत्यांनी ते हेतुपुरस्सर केले की योगायोगाने झाले, देव जाणे. नव्या इंजिनाबरोबर मात्र चाक घसरण्याआधीच आत काहीतरी तुटावे इतका जोर शिल्लक उरतो.

यातून एक उफराटी गोष्ट निघते, आणि मला तरी ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते. केस चिखलात तुटत नाही. चिखलात गरगरणारे चाक जेव्हा एकाएकी मुरमावर चढते आणि त्याला पकड सापडते, तेव्हा ती तुटते. मिस्त्रींनी हे एकाही आकड्याशिवाय सांगितले : "चाक घुमत असलं का अॅक्सिलेटर सोडाचा. घुमत्या चाकानं मुरमावर गेले का गेला डबा."

केस पारखताना म्हणूनच तिच्या पोटातला मधला दांडा पाहावा. स्पायसर १८ मध्ये सगळी ताकद, हाय मध्येसुद्धा, मधल्या गिअरवरून जाते, आणि तो गिअर ज्या दांड्यावर फिरतो तो निरनिराळ्या काळात निरनिराळ्या जाडीचा झाला. युद्धकाळातल्या जीपमध्ये तो पाऊण इंचाचा होता. नंतर १ इंच १ सूत झाला. पुढे सव्वा इंचाचा. बाहेरून डबे जुळ्या भावांसारखे दिसतात. आमच्या जुन्या केसचा दांडा मधल्या जाडीचा निघाला, त्यावरच्या सुया झिजून त्याला चक्क पायऱ्या पडल्या होत्या. वाढीव पिळाला सव्वा इंचाशिवाय काही घ्यायचे नाही, असे मिस्त्रींनी त्याच दिवशी ठरवले.

इंजिनाची दुसरी मागणी वेगाची. पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांपर्यंत जाई. हे डिझेल ३,२०० च्या सुमारास दमते. ५.३८ चा ॲक्सल आणि सुमारे २.४ मीटर परिघाचे टायर धरले तर वरच्या गिअरात पूर्वी ताशी १०७ किलोमीटरची जी कमाल होती ती आता ८६ वर येते. दम न लागता, २,२०० फेऱ्यांवर, ५९. कलमे भरलेल्या ट्रकाला एवढे पुष्कळ झाले. हा हिशेब आधी केला म्हणूनच आम्ही एका मोहातून वाचलो. तो मोह जिप्सीच्या केसचा.

जिप्सीची केस फार गोजिरवाणी. ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये एक छोटा शाफ्ट असतो आणि केस चेसिसवर वेगळी टांगलेली. म्हणजे पुढे कोणताही गिअरबॉक्स असो, खाचे जुळोत न जुळोत, शाफ्ट बनवून घेतला की झाले. खाचे, म्हणजे ज्यांना स्प्लाइन म्हणतात ते, जुळवणे ही इंजिन बदललेल्या गाडीतली मोठी कटकट. तीच इथे नाहीशी होते. किंमत कमी, वजन कमी, पुढचे आणि मागचे दांडेही एका रेषेत. कबाडी तर म्हणाला, "आजच्या आज बसवून देतो." बसली असतीही. पण १,३०० सी.सी.च्या जिप्सीमध्ये केसचे प्रमाण हाय मध्येसुद्धा १.४१ असते. मूळ गाडीत हे शोभते, कारण तिचे ॲक्सल ३.७३ चे. दोघांचा गुणाकार करा : ५.२६. जीपच्या ५.३८ च्या किती जवळ! विलिसने सगळी घट ॲक्सलमध्ये ठेवली, सुझुकीने ती केस आणि ॲक्सल यांत वाटून दिली. केस आणि ॲक्सल यांचा संसार असा एकत्र मांडलेला असतो. एकीची केस दुसऱ्याच्या ॲक्सलला लावली तर आमचा ट्रक त्याच २,२०० फेऱ्यांवर ताशी ५९ ऐवजी ४२ किलोमीटरने, बोंबलत, चालला असता. शिवाय १९८५ साली आली तेव्हा जिप्सीचे इंजिन ९७० सी.सी.चे, नंतरचे १,३०० चे. त्या मापाने घडवलेल्या गिअरवर केसच्या दारातले ७३ किलोग्रॅम-मीटर लादायचे म्हणजे शाळकरी पोराच्या डोक्यावर सिमेंटचे पोते. "बसते तं बसते," मिस्त्री म्हणाले, "पन चालाले नको का, बाप्पा?"

जबलपूरच्या लष्करी कारखान्यातल्या जोंगा किंवा शक्तिमानची केस घ्यावी, अशीही सूचना शेजारून आली. मजबुतीचा प्रश्न मिटतो. पण सपाट तोंडाच्या छोट्या ट्रकाखाली शक्तिमानचा डबा म्हणजे कौलारू घरात हत्ती. तो विचार चहाबरोबर संपला.

फिरण्याच्या दिशेचा मुद्दा थोडक्यात सांगते. एकमेकांत अडकलेली दोन चक्रे उलट दिशांना फिरतात, तीन असली की पहिले आणि तिसरे एकाच दिशेने. जीपच्या केसमध्ये वरचा, मधला आणि खालचा असे तीन गिअर आहेत, म्हणून दिशा तीच राहते. साखळीतही तीच राहते. अनोळखी केस मिळाली तर आत हात घालण्याआधी वरचा दांडा फिरवून खालचा कोणीकडे फिरतो ते पाहावे. याला पैसे पडत नाहीत.

शेवटी आम्ही वळलो ते महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपकडे. त्या गाडीत प्यूजोचे २,११२ सी.सी.चे डिझेल असे, मागे के.एम.टी. ९० नावाचा चार गिअरचा बॉक्स, आणि त्याला जोडलेली केस आमच्या जुन्या केसच्याच घराण्याची : दोन्ही दांडे उजवीकडे, लो चे प्रमाण तेच. डिझेलसाठी पूर्वी जो प्रश्न आम्हांला पडला तोच कारखान्याला पडला होता, आणि त्यांनी गिअरबॉक्स बदलून केस ठेवली होती. गिअरबॉक्स आणि केस जोडीने, एकमेकांपासून न सोडवता विकत घ्यायची, हा यातला महत्त्वाचा भाग. कारण जीपच्या केसला स्वतःचा वरचा दांडा नसतोच. गिअरबॉक्सचाच दांडा तिच्या पोटात शिरतो आणि त्याच्या सहा खाचांवर केसचा पहिला गिअर बसतो. जोडी फोडली की खाचे, गिअरचे दाते आणि मधले बेअरिंग यांचा मेळ पुन्हा कोण घालणार? जोडी घेतल्यावर जुळवायचा एकच सांधा उरतो, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला. तो लेथवाल्याच्या हातचा आहे. त्याने पट्टी कापून, मध्य केसभरही न ढळू देता भोके पाडून दिली.

वाडीच्या बाजूला आम्ही तीन जोड्या पाहिल्या. पाहण्याची रीत अशी. मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवायचा. टक् असा आवाज आला तर बेअरिंग गेलेले. तेलाचा बोल्ट काढून थेंब बोटांवर चोळायचा. चंदेरी भुकटी थोडी चालते, कणी लागली तर सोडून द्यायचे. लो मध्ये टाकून कांडी ढिली तर पडत नाही ना ते पाहायचे, कारण झिजलेली केस ओझ्याखाली आपणहून लो मधून निसटते, आणि ती निसटते नेमकी चढावर. पहिल्या जोडीत कणी होती. दुसऱ्या डब्याला वेल्डिंगची शिवण होती, वर ताजा रंग. तिसरा डबा मळकट होता; मिस्त्रींनी तळाचे झाकण उघडून मधला दांडा मोजला, तो सव्वा इंच भरला आणि सुया शाबूत. व्यवहार तिथेच झाला.

या जोडीत एक लाभ असा झाला की हँडब्रेक वाचला. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. केसच्या मागच्या दांड्यावर एक छोटा ड्रम असतो. त्याची पकड ॲक्सलमधून ५.३८ पट होऊन चाकांवर पोचते, म्हणून एवढासा ड्रम भरलेला ट्रक उतारावर धरून ठेवतो. ज्याच्या केसला असा ड्रम नाही त्याला ॲक्सलवर निराळी सोय करावी लागते, आणि केस विकत घेऊन झाल्यावरच हे पुष्कळांच्या ध्यानात येते. या ब्रेकचा एक दुर्गुणही माहीत असावा. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरेन्शियल आपला धर्म पाळते. उचललेले चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. पंक्चर काढताना चाकाखाली दगड हवाच.

कागदपत्रांचे काम काकाजींनी केले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालते. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि नवा इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकात चढावा लागतो. इंधनाची जुनी नोंद डिझेलचीच असल्याने अर्ज अडला नाही.

जोडी बसवून झाल्यावर मिस्त्रींनी केसमध्ये ९० नंबरचे गिअर ऑइल भरले. साखळीच्या केसमध्ये बहुधा पातळ तेल लागते, आणि दाट तेल घातले तर तिथे ते पोचतच नाही. म्हणून कोणती केस आहे ते ठाऊक असल्याशिवाय पंपावरच्या पोराच्या हाती डबा देऊ नये. मग त्यांनी काकाजींना चार अटी घातल्या : डांबरावर चार चाके नाहीत, कोरड्यात लो चा पहिला गिअर नाही, पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलायचे, आणि चाक घुमू लागले की पाय वर. चौथी अट काकाजींना जड जाते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात चारशे कलमे घेऊन ट्रक पांदणीत शिरला, तेव्हा मी शेजारच्या आसनावर बसून त्यांच्या उजव्या पायाकडेच पाहत होते.